एकाच चावीला ओळखणारी डबी

मित्रांनो, मी एक जुनी काळी डबी आहे, साबणाच्या वडीएवढी. गाडीत मी स्टिअरिंगखालच्या अंधारात बसायचे, त्यामुळे तुम्ही मला कधी पाहिले नसेल. माझे काम राखणदाराचे. चावी फिरली की मी तिला तिचा आकडा विचारते. चावीच्या प्लास्टिकच्या डोक्यात एक इवलीशी चिप असते, ती उत्तर देते. आकडा बरोबर असेल तर मी इंजिनाला चालू देते. चुकला, तर इंजिन दोन सेकंद धडधडते आणि मी त्याचा गळा दाबते. हो, गळाच दाबते, उगाच गोड शब्द कशाला वापरू?

माझा जन्म जपानचा. तिथली माणसे गाडीत उजवीकडे बसून गाडी चालवतात. आमची गाडी जुनी झाली तशी ती जहाजाने चिलीच्या बंदरात आली आणि तिथून डोंगर चढून बोलिव्हियातल्या एल आल्तोला पोहोचली. बोलिव्हियात ड्रायव्हर डावीकडे बसतो, म्हणून वाटेत एका कारखान्यात कारागिरांनी स्टिअरिंग उजवीकडून डावीकडे नेले आणि माझेही बिऱ्हाड हलवले. दोन चाव्यांपैकी एक त्या धांदलीत हरवली. उरलेली एकुलती एक चावी फोर्तुनातो युहरा या मिनीबसवाल्याच्या हाती आली.

त्याने ती नऊ वर्षे सांभाळली. रोज पहाटे तो यायचा, चावी फिरवायचा, मी आकडा विचारायचे, चावी सांगायची आणि आमचा दिवस सुरू व्हायचा. प्रवासी इंजिनाची तारीफ करायचे, माझे नाव कुणी घेत नसे. कार्निव्हालच्या मंगळवारी फोर्तुनातोची बायको निकोलासा बॉनेटला रंगीत फिती बांधायची, चाकांवर दारू शिंपडायची आणि धरणीमातेला म्हणायची, "हिच्यातलं सगळं धड राहू दे गं बाई." त्या 'सगळ्यात' मीही आले, असे मी समजायचे. राखणदाराला एवढा मान पुरतो.

जुलैमध्ये एका ट्रकने मागून धडक दिली. गाडीचा मागचा भाग चेपून गेला, इंजिनाला मात्र ओरखडाही आला नाही. फोर्तुनातो तीन दिवस इस्पितळात होता, मग गेला. इस्पितळाने त्याचे जाकीट आणि चावी निकोलासाच्या हातात दिली. मला हे सगळे फार उशिरा कळले. तोवर मी रोज त्याची वाट पाहत होते.

पुढे निकोलासाने इंजिन विकायचे ठरवले. गाड्या खोलणारा उस्ताद वॉल्टर तार्की कामाला पक्का माणूस. त्याने इंजिन उचलले, वायरी न कापता सोडवल्या, इंजिनाचा संगणक, चावीचे कुलूप आणि मला त्यांच्यासह एका गाठोड्यात बांधले. फक्त चावीबद्दल त्याने विचारले नाही. निकोलासाने दार उघडायला कुलूपवाल्याकडून एक नवी चावी कातून घेतली होती, तीच त्याने गाठोड्याला अडकवली. त्या चावीला डोके होते, पण डोक्यात काही नव्हते.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी, ऐन बाजाराच्या दिवशी, हिलारियोन चिपाना नावाचा ड्रायव्हर इंजिन घ्यायला आला. एल आल्तोत कुणी इंजिन नुसते बघून घेत नाही, आवाज ऐकून घेतात. वॉल्टरने इंजिन जुन्या टायरांवर ठेवले, बॅटरी जोडली, चावी फिरवली. इंजिन सुरू झाले, दोन सेकंद चालले आणि बंद पडले. पाच वेळा तसेच झाले.

"गारठ्यानं आखडलंय, कासेरो," वॉल्टर म्हणाला. तिथे दुकानदार गिऱ्हाइकाला लाडाने असेच हाक मारतात.

"उस्ताद, माझे केस उन्हात नाही पांढरे झाले!" हिलारियोन म्हणाला. "चावी पटत नाही म्हणून डबीचा लाल दिवा लुकलुकतोय, दिसत नाही होय? मूळची चावी काढा. नसेल तर माल कुणाचा ते सांगा."

"माझा आहे," बाजूला उभी असलेली निकोलासा म्हणाली. "हे बघा कागद."

"कागद काय, या बाजारात शेंगांबरोबर पुडीत मिळतात!"

माणसे जमली. गल्लीच्या तोंडाशी खांबाला फडक्यांचा बाहुला टांगला होता, गळ्यात पाटी, 'चोर सापडला की जाळू.' एल आल्तोत तो बाहुला कुणी गमतीने टांगत नाही. जमलेल्यांतली एक बाई आधी बाहुल्याकडे बघत राहिली, मग निकोलासाकडे. मला ओरडून सांगायचे होते, अहो, ही फोर्तुनातोची बायको आहे, नऊ वर्षे तिचा आवाज ऐकलाय मी! पण मला एवढेच येते, आकडा विचारायचा आणि नाही म्हणायचे. त्या दिवशी माझ्या प्रत्येक 'नाही'ने मी तिला चोर ठरवत होते.

निकोलासा वॉल्टरजवळ सरकली. "माझा नवराच बंद पाडतोय, उस्ताद," ती हळूच म्हणाली. "त्याला हे विकणं पसंत नाही."

"ताई, ते नंतर बघू. त्याची चावी कुठंय?"

"त्याच्याकडे."

"त्याच्याकडे म्हणजे?"

"तो गेल्यावर आठव्या दिवशी रिवाजाप्रमाणे नदीवर त्याचे कपडे धुतले आणि जाळले, तेव्हा जाकिटाच्या खिशात घातली. परलोकाची एवढी लांबची वाट! जन्मभर गाडी चालवलेला माणूस पायी कसा जाईल?"

हिलारियोनने डोक्यावरची टोपी काढली.

"आम्ही बापाबरोबर सायकलचा पंप दिला होता," तो म्हणाला. मग गर्दीकडे वळून खेकसला, "बघता काय? चोरानं चावी जपली असती, जाळली नसती. चला, पांगा!"

माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी वॉल्टरचा ओळखीचा विजेचा कारागीर आला. त्याने आधी गाडीचे कागद नीट तपासले, मग इंजिनाच्या संगणकाची दुसऱ्या डबीशी आणि नव्या चावीशी ओळख करून दिली. इंजिन सकाळभर चालले. मी बाजूला टायरवर पडून ते ऐकत होते. मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

निकोलासाने मला उचलले. "उस्ताद, ही नसली तर त्याच्याकडची ती चावी काय करणार?"

"काही नाही, ताई. जोडी असते त्यांची. एक नसली की दुसरी बिनकामाची."

ती टायरवर बसली. "म्हणजे तीन महिने तो तिथं चावीच फिरवत बसलाय."

वॉल्टरला हसू आले नाही. त्याने मला फडक्याने पुसून तिच्या ओंजळीत ठेवले.

आज मी निकोलासाच्या घरी, मृतांच्या सणासाठी मांडलेल्या मेजावर आहे. शेजारी माणसाच्या आकृतीचे पाव आहेत, फळे आहेत, फोर्तुनातोचा फोटो आहे. उद्या दुपारी जेवण झाले की ती मला नव्या जाकिटाच्या खिशात घालून जाळणार आहे. मला आगीची भीती वाटते. पण तो तिथे खोळंबला आहे, या विचाराची त्याहून जास्त वाटते.

मित्रांनो, उद्या तुम्ही गाड्या खोलाल, इंजिने विकाल. पान्याला हात घालण्याआधी चावी मागून घ्या आणि डबी, संगणक, चावी यांची ताटातूट करू नका. जिवंत माणसाची चावी हरवली तर कारागीर नवी करून देतो. गेलेल्या माणसाला ती कोण करून देणार?