अकरा पत्रे आणि एक झेन

"पंचाऐंशी हजार. छप्पर घालायला नव्हे, काढायला. एवढ्यात तर मी तुला नवं इंजिन बसवलं असतं."

दोरीवर ओली चादर, चादरीच्या अलीकडे तोंडात दोन चिमटे धरलेली मी, आणि पलीकडे, हातभर अंतरावर, आमचे हे. झेनचं बॉनेट पुसत तिच्याशी बोलत होते. मला त्यांनी "कोटेशन यायचंय, बघू" एवढंच सांगितलं होतं. आकडा आधी गाडीला कळला. एकवीस वर्षांची सोबत आहे, तिचा मान मोठा. माझी एकतीस वर्षांची, पण मला कुणी रोज पुसत नाही.

झेनच्या डोक्यावर अकरा सिमेंटचे पत्रे होते. चेन्नईत अंबत्तूरचं हे घर आम्ही घेतलं तेव्हा गॅरेज तयारच मिळालं, त्याचं केवढं अप्रूप वाटलं होतं. मग गेल्या वर्षी शेजारच्या चित्राच्या माडावरून एक नारळ पडला आणि कोपऱ्यातला पत्रा फुटला. तेव्हापासून बॉनेटवर बारीक राखाडी भुकटी साचायची आणि हे ती कोरड्या फडक्यानं झटकायचे. आमची मुलगी रेवा इथंच ओएमआर रस्त्यावरच्या एका कंपनीत नोकरी करते, रविवारी जेवायला येते. तिनं ते पाहिलं आणि ओरडलीच. त्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्याचे धागे फुप्फुसात जाऊन बसतात आणि वीस-तीस वर्षांनी त्रास देतात, असं तिनं वाचून दाखवलं.

"वीस-तीस वर्षांनी मी त्र्याण्णव वर्षांचा असेन," हे म्हणाले. "तेव्हा मला त्रास द्यायला कुणीतरी असेल हे ऐकून बरं वाटलं."

पण दुसऱ्या दिवसापासून फडकं ओलं झालं. आणि इथल्या पावसाळ्याआधी, म्हणजे ऑक्टोबरच्या आत, पत्रे काढायचे ठरलं.

ठरवणं फुकट होतं. पुढचं नव्हतं. एक कंपनी पांढऱ्या गणवेशातली दोन माणसं घेऊन आली, बघून गेली, आणि मागून यांच्या फोनवर पंचाऐंशी हजारांचं कोटेशन आलं. मग एक भंगारवाला आला. तो म्हणाला, फुकट नेतो, उलट तुम्हालाच हजार देतो. मी विचारलं, नेऊन काय करणार? धड असतील ते कुणाला तरी घरावर घालायला विकणार, फुटके टाकून देणार. कुठं टाकणार? त्यानं हात असा हवेत फिरवला की त्यात अख्खं चेन्नई आलं. त्याला चहा देऊन वाटेला लावलं. आपल्या डोक्यावरचं काढून दुसऱ्याच्या डोक्यावर घालायचं आणि वर हजार रुपये घ्यायचे, हे यांना पटेना. मलाही नाही पटलं, पण मी आधी हजार रुपयांचा क्षणभर विचार केला होता, हे इथं सांगून टाकते.

आता खरी अडचण सांगते. अडचण पत्र्यांची नव्हतीच.

मार्चमध्ये यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डावा बरा आहे, उजव्याची कडेची नजर बरीचशी गेलेली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, यांच्या पांढऱ्या केसांकडे बघून त्यांना धीर झाला नाही. "जपून चालवा सर" एवढंच म्हणाल्या. हे बाहेर चपला घालत असताना मला मात्र हळूच म्हणाल्या, "अम्मा, सरांनी आता गाडी चालवू नये." म्हणजे निरोप माझ्याकडे आला. मी तो रेवाला दिला. रेवानं तो पुण्याला तिच्या भावाला, आशिषला दिला. आशिष म्हणाला, "आई, तूच सांग, तुझं ऐकतात." असा तो निरोप पुण्यापर्यंत फिरून परत माझ्या स्वयंपाकघरात आला आणि सहा महिने तिथंच राहिला.

जवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात एकतीस वर्षं या माणसानं इंजिनं तपासली. यांची सही झाल्याशिवाय इंजिन फाटकाबाहेर जात नसे. अशा माणसाला, तुम्हीच आता गाडी फाटकाबाहेर नेऊ नका, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? जुलैमध्ये वळणावरच्या चहावाल्याचं बाकडं गाडीनं पाडलं. बाकड्यावर कुणी नव्हतं. "बाकडं पुढं सरकवलंय त्यानं," हे म्हणाले. ऑगस्टमध्ये सायकलवरची एक शाळकरी मुलगी उजवीकडून आली आणि मी किंचाळले म्हणून वाचली. घरी येऊन मी पोहे केले, आम्ही ते खाल्ले.

आणि गंमत बघा, पत्रे काढायच्या खर्चावर नवं छप्पर घालायचा खर्च आणखी होता. छप्पर नकोच म्हटलं की तेवढा वाचत होता. हे मला कळत होतं, रेवाला कळत होतं. पण छप्पर नको म्हणायचं तर गाडी नको म्हणावं लागतं, आणि गाडी नको म्हणायचं तर का ते सांगावं लागतं. म्हणून आम्ही सगळे नव्या पत्र्याच्या रंगावर चर्चा करत बसलो.

अशात चित्रानं तिच्या ओळखीचे राव पाठवले. गिंडीला त्यांचं शेड आणि ग्रिलचं लहानसं वर्कशॉप. पन्नाशीचे, कपाळाला बारीक गंध, खिशाला टेस्टर. ते चित्राचे नऊ पत्रे आधीच बघून आले होते. हे टेप शोधायला आत गेले, आणि रेवा नि मी आमच्या सवयीप्रमाणे राव यांच्या देखत मराठीत सुरू झालो. चेन्नईत आल्यापासून आमची हीच सोय. भाजीवाल्यासमोर, डॉक्टरांसमोर, घरमालकासमोर, कुठंही उभ्या उभ्या आतली खोली तयार करायची.

"पन्नासच्या वर गेला तर मी नाही म्हणणार," मी म्हटलं. "चेहरा गरीब दिसतो, पण बूट बघ."

"आई, बाबांच्या डोळ्यांचं याच्यासमोर काढू नकोस हं. आणि गाडी बाहेर काढायची वेळ आली तर?"

"तेच तर. बाबा बसले स्टिअरिंगवर तर तो खांब तरी जाईल नाहीतर हा माणूस तरी."

राव यांनी टेस्टर खिशात नीट खोचला. मग जुन्या पत्रातून वाचून दाखवावं तशा सुरात म्हणाले, "अम्मा, मराठी मज समजतें. आम्ही तंजावरचे. शहाजी राव माझें नांव. तुम्ही बोलत होत्यांत, मध्यें कसें बोलावें, म्हणूनु उगा राहिलों."

रेवा खाली बसून चपलेचा पट्टा बघू लागली. तिच्या चपलेला पट्टा नव्हता.

"बूट मुलाचे आहेत," शहाजी म्हणाले. "माझे भिजले."

त्यानंतर मला त्या माणसाशी घासाघीस करणं शक्यच नव्हतं. पण त्याची गरजही पडली नाही. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. पत्रे फोडायचे नाहीत, कापायचे नाहीत. साबणाचं पाणी फवारून चिंब करायचे, म्हणजे भुकटी उडत नाही. गंजलेले हुक बोल्टही भिजवून सैल करायचे, पत्रा अख्खा उतरवायचा, दुहेरी जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून वर आत काय आहे ते लिहायचं, आणि असा कचरा घ्यायची ज्यांना परवानगी आहे त्यांच्याकडेच पोचवून पावती घ्यायची. महाग पडते ती लॉरी. आमचे अकरा, चित्राचे नऊ आणि कोपऱ्यावरच्या टायपिंग क्लासचे सहा एकाच फेरीत गेले तर लॉरीचे तीन वाटे होतात. सगळं धरून आमच्या वाट्याला चोवीस हजार येत होते.

हे टेप घेऊन बाहेर आले तेव्हा चोवीस हजार ऐकून इतके खूश झाले, की नवं छप्पर निळं घालायचं त्यांनी तिथल्या तिथं ठरवूनही टाकलं.

शहाजी निघताना मी त्यांना फाटकापाशी गाठलं. "भाऊ, त्या दिवशी गाडी सुरूच होऊ नये, असं काही करता येईल का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सेरि अम्मा," म्हणाले. होकार दिला, पण मान मात्र नकार दिल्यासारखी हलवली.

शनिवारी सकाळी सात वाजता काम सुरू व्हायचं होतं. शहाजींची दोन माणसं तोंडाला मास्क, अंगात जुन्या पूर्ण बाह्यांचे शर्ट घालून बादलीत साबण कालवत होती. पहिलं काम, गाडी बाहेर काढणं.

"बाबा, मी काढते," रेवा म्हणाली.

"तुझी गाडी ऑटोमॅटिक. तुला क्लच म्हणून काही असतं हे तरी आठवतं का?" हे म्हणाले आणि किल्लीच्या खिळ्याकडे गेले.

किल्ली तिथं नव्हती. ती सांबार मसाल्याच्या डब्यात होती, आणि ती तिथं कशी गेली हे विचारू नका. हे क्षणभर खिळ्याकडे बघत राहिले. मग कपाटातून कारखान्यातला जुना जेवणाचा डबा काढला, त्याचा खालचा कप्पा उघडला आणि दुसरी किल्ली घेऊन बाहेर आले. एकवीस वर्षांत मला त्या किल्लीचा पत्ता नव्हता.

"बाबा, थांबा," रेवा म्हणाली. "इन्शुरन्स संपलाय. मी रिन्यू करत होते, पण वेबसाइट बंद आहे."

"तीन आठवडे?"

"सरकारी... म्हणजे, सर्व्हरच तसा आहे."

"गॅरेजातून फाटकापर्यंत न्यायला विमा लागत नाही. तिथं सगळी घरचीच माणसं आहेत." असं म्हणून ते आत बसले आणि किल्ली फिरवली. काहीच झालं नाही. दिवासुद्धा लागला नाही. मी देवाचे आभार मानले. शहाजी माडाकडे बघू लागले, जणू नारळ मोजायलाच आले होते.

हे उतरले, बॉनेट उघडलं. खाली वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"बॅटरीची वायर सैल आहे," ते बॉनेटच्या आतूनच म्हणाले. "गंजून सैल होते ती वेगळी. ही पान्यानं सैल केलीय. नीट, हळुवार, परत घट्ट करता येईल अशी. चांगल्या माणसाचं काम आहे."

"मज क्षमा करा सर," शहाजी म्हणाले.

"तुम्ही? मला वाटलं हिनं तुमच्याकडून शिकून घेतलं."

"मी फक्त किल्ली लपवली," मी म्हटलं. म्हणायला नको होतं.

"आणि मी फक्त इन्शुरन्स," रेवा म्हणाली.

एकमेकींचं आम्हाला तेव्हाच कळलं. त्यांनी आम्हा तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं, जसे कारखान्यात तीन शिकाऊ मुलांकडे बघत असतील. रागावतील असं वाटलं. रागावले नाहीत. वायर घट्ट केली, हात पुसले, आत बसले, किल्ली फिरवली. झेन पहिल्या झटक्यात सुरू झाली. तीही बिचारी यांच्याच बाजूची.

आता त्यांना अडवायला काही उरलं नव्हतं. निमित्तं संपली होती. शहाजी मागे जाऊन उभे राहिले आणि हातानं "या, या" अशी खूण करू लागले. उजवीकडे फाटकाचा खांब, खांबाशी चित्रा तिचे पत्रे कधी निघणार ते विचारायला आलेली, तिच्या कडेवर नातू. मी तिला बाजूला हो म्हणणार होते, पण का हो, ते सांगावं लागलं असतं. सहा महिन्यांची सवय.

गाडी हातभर मागे आली. थांबली. पुन्हा वीतभर मागे आली आणि थांबली. मागचे लाल दिवे लागलेलेच राहिले. यांनी मान उजवीकडे वळवली, मग आणखी वळवली, मग पार खांद्यावरून मागे बघितलं, आणि पुन्हा समोर बघत बसून राहिले. इंजिन चालू होतं. साबण कालवणाऱ्यांनी कालवणं थांबवलं.

मग काच खाली आली.

"शहाजी," हे म्हणाले, "नव्या छपराचं राहू दे. नुसते जुने काढा."

"कां सर? निळें म्हणालांत ना?"

यांनी इंजिन बंद केलं. किल्ली काढून खिडकीतून हात बाहेर धरला, रेवाच्या दिशेनं, पण बघत माझ्याकडे होते.

"चित्रा उभी आहे ना तिथं? तिचा आवाज येतोय म्हणून म्हणतो," ते म्हणाले. "मला उजवीकडचं दिसत नाही गं. मार्चपासून दिसत नाही."