बूस्ट मीटरची साक्ष

मी जुना आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे ते दुसऱ्या कोणी मला ऐकवायला नको. माझ्या काचेवर ओरखडा आहे, आतला दिवा पिवळा पडला आहे आणि उन्हाने माझा एक आकडा अर्धा पुसला आहे. तरीही मित्रांनो, मी अजून खरे बोलतो. वणीच्या शीलाताईंच्या टर्बो गाडीतला मी बूस्ट मीटर.

वाटीच्या तोंडाएवढा माझा गोल चेहरा. वरती मधोमध शून्य आहे. इंजिन चालू असते, पण पाय ॲक्सिलरेटरवर नसतो, तेव्हा इंजिन हवा ओढू पाहते आणि तिची वाट जवळजवळ बंद असते. आत पोकळी तयार होते. तिला व्हॅक्यूम म्हणतात. तेव्हा माझा काटा शून्याच्या डावीकडे जातो. चालकाने जोरात पाय दिला, की टर्बो नावाचा छोटा पंखा बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर गरगर फिरतो आणि इंजिनात हवा कोंबतो. तेव्हा काटा उजवीकडे चढतो. तो बूस्ट. माझ्या पोटात पितळेची एक चपटी, वाकवलेली नळी आहे. हवा ओढली की ती आवळते, हवा भरली की उलगडते आणि काट्याला फिरवते. एवढेच माझे यंत्र. त्यात कोणाची मर्जी सांभाळायची सोय केलेली नाही.

माझा जन्म पुण्याकडच्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथून मी वणीच्या वाहिदभाईंच्या गॅरेजात आलो. त्या दिवसांत शीलाताईंच्या गाडीचा टर्बोचा पाइप निसटला होता आणि गाडी भर रस्त्यात बसली होती. ताई चिडून म्हणाल्या, "वाहिदभाई, गाडी बसल्यावर समजून काय फायदा? मले अगोदर समजलं पाह्यजे."

वाहिदभाईंनी मला स्टिअरिंगच्या शेजारी बसवले आणि एका बारीक रबरी नळीने माझे पोट इंजिनाशी जोडले. त्या दिवसापासून इंजिनाचा प्रत्येक श्वास माझ्यापर्यंत येऊ लागला.

शीलाताईंची बायकांसाठी मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. त्यांचे धाकटे भाऊ रवी कामात भागीदार. शिकवायच्या गाड्या वेगळ्या. पण हात बसलेल्या बाईला हायवेचा सराव द्यायचा असला, की ताई ही टर्बो गाडी काढत. गाडी सुरू झाली की आधी माझ्याकडे बोट दाखवत.

"हा काटा पाह्य. गाडी चालू ठेवून उभी असतानी डावीकडे अठरा-एकोणीसवर राह्यते. हे ध्यानात ठेव. माणसाचा ताप समजायचा असंल तं बरं असतानीचं अंग कसं लागते, ते आधी माहीत पाह्यजे."

मग त्या सांगत, की काटा थरथर कापू लागला तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नसेल. काटा अठराच्या खालच्या आकड्यावर उतरून तिथेच गप्प राहिला, तर कुठून तरी चोरून हवा आत शिरत असेल. आणि बूस्ट दहाच्या वर जाऊ लागला तर खूश व्हायचे नाही, पाय काढायचा. किती तरी बायका माझ्याकडे पाहून गाडी ओळखायला शिकल्या. ते माझे मानाचे दिवस होते.

फरहाना त्यांच्यातलीच एक. लग्न होऊन ती वणीत आली होती आणि घरी कपडे शिवत होती. गावातल्या एका मुलींच्या शाळेला व्हॅन चालवायला बाईच हवी होती. त्या जागेसाठी फरहानाची शिफारस करायचे शीलाताईंनी ठरवले होते. राहिला होता फक्त हायवेचा सराव. त्या दिवशी फरहाना गाडी चालवत होती, ताई शेजारी होत्या आणि यवतमाळला काम असल्याने रविभाऊ मागे बसले होते.

मारेगावच्या पुढे चढ लागला. समोर कोळशाचा ट्रक रांगत होता. फरहानाने आरशात पाहिले, इंडिकेटर दिला आणि पाय दाबला. इंजिनातून फुस्स असा आवाज आला. माझा काटा शून्य ओलांडून कसाबसा चारवर आला आणि तिथेच अडकला. गाडीत दमच उरला नाही. फरहाना घाबरली नाही. तिने ओव्हरटेक सोडून दिला, गाडी पुन्हा ट्रकच्या मागे घेतली आणि जागा मिळताच कडेला उभी केली.

"उडवला टर्बो!" मागून रविभाऊ ओरडले. "मी पयलेच म्हणत होतो, या बायकायच्या हाती ही गाडी देऊ नको!"

"भाऊ, म्या काहीच नाही केलं," फरहाना म्हणाली. रविभाऊंच्या ओरडण्यात तिचे कोणी ऐकले नाही; ताईंचेही लक्ष काट्याकडे गेले नाही.

नेमके तेव्हा वाहिदभाईंच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले होते आणि गॅरेज बंद होते. रविभाऊंनी दुसरीकडे गाडी दाखवली. तिथल्या माणसाने बॉनेट उघडले, आवाज ऐकला आणि सांगितले, "इंजिन थकलं, टर्बो गेला." माझ्याकडे त्याने पाहिलेही नाही. मी मात्र ओरडून ओरडून सांगत होतो! गाडी उभी असताना माझा काटा अठरावर नव्हता, बारावर होता. पण तो थरथरत नव्हता. व्हॉल्व्ह झिजून थकलेल्या इंजिनाचा काटा असा शांत कसा राहील? मित्रांनो, मला आवाज नाही. मला फक्त काटा आहे, आणि काटा वाचावा लागतो.

रविभाऊंनी गाडी विकायला काढली. गिऱ्हाइकाने मला पाहून प्रश्न विचारू नयेत, म्हणून त्यांनी माझी नळी उपटली आणि तिच्या तोंडात स्क्रू कोंबला. मी शून्यावर जाऊन पडलो. लोक म्हणू लागले, मीटर मेला. मी मेलो नव्हतो. माझे तोंड दाबले होते.

फरहाना यायची बंद झाली. गावात बोलले जाऊ लागले, की तिनेच गाडी खराब केली. शाळेच्या जागेचा विषय रविभाऊ काढूच देईनात. ताई उलट बोलत, पण दाखवायला त्यांच्याकडेही पुरावा नव्हता.

मग एका सकाळी फरहानाची सासू खैरुनबी तिचा हात धरून थेट स्कूलच्या दारात उभी राहिली.

"रविभाऊ, मशीन बिगडली तं मशीन पाहा ना," ती म्हणाली. "माह्या सुनेचं तोंड काहून पाहून राह्यले?"

"चाची, गॅरेजवाल्यानं पाह्यलं. टर्बो गेला."

"त्यानं काटा पाह्यला का?" फरहानाने विचारले. ती एक पाऊल पुढे आली. "ताई, त्या दिवशी गाडी कडेला लावली तवा म्या काटा पाह्यला. बारावर होता. पण हालत नव्हता, ताई. एका जागी होता. तुमीच सांगतलं होतं ना, की खाली उतरून गप्प बसला तं हवा चोरून शिरते?"

शीलाताईंनी मान डोलावली. मग त्यांनी वाहिदभाईंना फोन लावला. वाहिदभाई काठी टेकत आले.

"तो मीटरच बोगस आहे," रविभाऊ म्हणाले. "त्याच्या भरवशावर कायले राहता?"

"तं मग पयले त्याचीच तपासणी करू," वाहिदभाई म्हणाले.

त्यांनी हवा ओढून घेणारा, हाताने चालवायचा पंप आणला. त्याला स्वतःचा मीटर होता, नवा कोरा, चकचकीत. दोघांना एकाच नळीवर लावून त्यांनी पंप दाबायला सुरुवात केली. नवा पाचवर गेला, मी पाचवर गेलो. नवा दहावर, मी दहावर. नवा वीसवर, मी वीसवर. माझ्या ओरखड्याने, माझ्या पिवळ्या दिव्याने काही फरक पडला नव्हता. पाहा, म्हणावे! नीट पाहा!

स्क्रू काढून माझी नळी पुन्हा इंजिनाला जोडली. गाडी सुरू झाली. माझा काटा बारावर जाऊन ठाम उभा राहिला.

"पोरगी बरोबर सांगून राह्यली," वाहिदभाई म्हणाले. त्यांनी गाडी बंद केली, हवा आत जायची वाट झाकली, कॉम्प्रेसरने बेताची हवा भरली आणि पाइपांवर साबणाचे पाणी सोडले. सगळे वाकून पाहू लागले. इंजिनाच्या मागच्या अंगाला, हात जेमतेम पोचेल अशा जागी, एका जाड रबरी पाइपाखालून बुडबुडे फुगू लागले. पाइपाला खालून चीर गेली होती. उभ्या गाडीत तिथून हवा आत शिरत होती आणि चढावर टर्बोने कोंबलेली हवा तिथूनच बाहेर पळत होती.

"हे केलं कोनं?" रविभाऊंनी विचारले.

"गरमीनं," वाहिदभाई म्हणाले. "रबर होय ते. कोनीही चालवत असतं तरी फाटलंच असतं."

नवा पाइप बसला. माझा काटा सरसरत अठराच्या पुढे गेला आणि तिथे स्थिरावला. खैरुनबीला आकडे कळत नव्हते. तिने सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि पदराने डोळे टिपले.

"चालव," शीलाताई फरहानाला म्हणाल्या. रविभाऊ मान खाली घालून मागे बसले. त्याच चढावर, रस्ता मोकळा पाहून फरहानाने पाय दिला. पाच, सात, नऊ. गाडी अशी निघाली, की मागे बसलेल्या रविभाऊंची वाकलेली मान ताठ झाली. काटा दहावर आला.

"दाब अजून! होऊ दे बारा!" रविभाऊ उत्साहाने म्हणाले.

फरहानाने पाय सैल केला. "नाही, भाऊ. दहा म्हणजे पुरे."

चढ संपल्यावर रविभाऊ पुढे वाकले. मग म्हणाले, "ताई, शाळेवाल्याले आजच फोन लाव."

आता फरहाना शाळेची व्हॅन चालवते. त्या व्हॅनमध्ये माझ्यासारखा मीटर नाही. पण इंजिनाचा सूर जरा बदलला, की ती कान टवकारते आणि गाडी थांबवून पाहते, असे मुली सांगतात.

मित्रांनो, मला पुसा, माझी नळी वर्षातून एकदा तपासा, भेगा पडल्या तर बदला. एवढे कराल तर मी आणखी पुष्कळ वर्षे काम करीन. पण मी दया मागत नाही. मी मागतो ते एवढेच, की चालवणाऱ्याला दोष देण्याआधी माझ्याकडे पाहा. तुम्हाला आवडेल तेच मी दाखवीन, असे वचन मात्र मी कोणालाही देणार नाही.