टँडमची पुढची सीट

टँडम म्हणजे दोघांनी मिळून चालवायची सायकल. सीटा दोन, पेडलं चार. पण ब्रेक, गिअर आणि वळणारं हँडल फक्त पुढच्याच्या हातात. मागच्यानं पाय मारायचे आणि पुढच्यावर विश्वास ठेवायचा, बस. एवढं सोपं काम, पण ते माधव गद्र्यांना जमेना.

गद्रे हाडांचे सर्जन. उभा जन्म ऑपरेशन थिएटरमध्ये हुकूम सोडण्यात गेला आणि निवृत्तीनंतर ती सगळी रग सायकलीवर उतरली. दोन हिवाळे खपून त्यांनी स्पेनचा मार्ग आखला होता. माद्रिदच्या दक्षिणेला ला मांचाचं पठार, नजर पोचेल तिथवर सपाट. मग टेकाडावर ओळीनं उभ्या पवनचक्क्या, चुन्यानं रंगवलेली गावं आणि अल्माग्रोचा तो जुना चौक, जिथं दोन्ही बाजूंना हिरव्या लाकडी सज्ज्यांच्या रांगा आहेत. कुठल्या गावात पाणी भरायचं आणि कुठल्या चर्चच्या सावलीत डबा उघडायचा, हेसुद्धा तोंडपाठ.

आणि गेल्या हिवाळ्यात दोन्ही डोळ्यांच्या बरोबर मध्ये काळा डाग आला. कडेचं दिसे, समोरचं नाही. त्यांनी ड्रायव्हिंग लायसन्स स्वतःहून परत केलं, सायकल शेडमध्ये ढकलली आणि स्पेनचं नाव काढणं बंद केलं. माणूस चिडला असता तर आसावरीला चाललं असतं. तो गप्प झाला, ते तिला सहन होईना.

म्हणून तिनं कुणालाही न विचारता जुनी टँडम विकत आणली.

आसावरी भूल देणारी डॉक्टर. इंग्लंडमधल्या ज्या मिल्टन कीन्समध्ये लोक दूध आणायलाही गाडी काढतात, तिथं ती रेडवेवरून, म्हणजे त्या लाल सायकलवाटांवरून, बारा महिने हॉस्पिटलला सायकलनं गेलेली. गद्रे मात्र तिच्या सायकलीला "भाजी आणायची सायकल" म्हणत. असे पतिदेव आता मागच्या सीटवर आले होते, पण सुंभ जळला तरी पीळ जातो थोडाच!

"गिअर बदल! अगं, वळण येतंय, वाकव की!"

"अहो, तुम्हाला दिसतंय का वळण?"

"रस्ता पाठ आहे मला."

पाठ असलेलं वळण आलं की गद्रे मागून आपल्या हिशेबानं कलायचे, आसावरी आपल्या, आणि सायकल बिचारी दोघांच्या मध्ये डुलायची. एका म्यानात दोन तलवारी. तिसऱ्या दिवशी एका बोगद्याच्या तोंडाशी दोघं कुंपणाच्या झुडपात आडवे झाले. लागलं कुणालाच नाही. पण गद्र्यांनी कपड्यांवरची पानं झटकली आणि ते शांतपणे म्हणाले, "राहू दे आसावरी. स्पेन राहू दे. माझ्यापायी तुझे हातपाय मोडायचे."

हा माणूस आता घरात बसला की पुन्हा उठायचा नाही, हे तिनं तेव्हाच ओळखलं.

त्यात लंडनजवळच्या इल्फर्डहून लेकीचा, दियाचा, फोन. तिचा जन्म इथलाच, त्यामुळे तिचं मराठी प्रेमळ पण अघळपघळ.

"आई, आर यू सीरियस? बाबाला दिसत नाही आणि तू फक्त हॉस्पिटल आणि शॉपिंगला सायकल चालवते. स्पेनमध्ये ट्रक किती मोठी असतात! आधी ओल्नीपर्यंत जाऊन ये, होल डे. काही पण झाला ना, तर नो स्पेन. प्रॉमिस कर."

ओल्नी म्हणजे शेतांपलीकडचं जुनं गाव. आसावरीनं प्रॉमिस केलं. अट तिला रास्तच वाटली. पेशंट नीट तपासल्याशिवाय तिनंही कधी कुणाला भूल दिली नव्हती. आणि फोन ठेवून ती नवऱ्याला म्हणाली, "रविवारी ओल्नी. तुम्ही येताय. चर्चा नको."

रविवारी वारा समोरून होता. रेडवे संपून गावाकडचा रस्ता लागेपर्यंत गद्रे मुकाट होते, पण शेतं दिसायला लागली, म्हणजे कडेकडेनं दिसायला लागली, आणि त्यांच्यातला जुना गडी जागा झाला. मागे बसून त्यांनी आपलंच घोडं पुढं दामटायला सुरुवात केली. हा वारा म्हणजे काहीच नाही, ला मांचाचा वारा बघ म्हणाले. पाय मार म्हणाले.

पुढे मोठा रस्ता आडवा येत होता. आसावरीनं पाय सैल सोडले. गद्र्यांनी कान टवकारले.

"काही आवाज नाही. रिकामा आहे रस्ता. चल, चल!" आणि त्यांनी सगळा जोर पेडलवर टाकला.

टँडमची पेडलं एकाच साखळीनं बांधलेली असतात. आसावरीचे पाय तिच्या मनाविरुद्ध फिरू लागले. तिनं ब्रेक आवळले तरी सायकल रेटा खात पुढेच सरकत होती. आणि उजवीकडून एक इलेक्ट्रिक गाडी येत होती, भरधाव, आवाज न करता.

"अहो" म्हणायला वेळ नव्हता. तिच्या तोंडून निघालं ते भलतंच.

"मिस्टर गद्रे, स्टॉप."

ओरडून नाही. थंड, सपाट, थिएटरमधल्या आवाजात.

गद्र्यांचे पाय जागच्या जागी गोठले. सायकल थांबली. गाडी समोरून गेली, आणि तिच्या वाऱ्यानं दोघांची जॅकेटं फडफडली.

आसावरीनं सायकल रस्त्याच्या कडेला घेतली. मागून आवाज आला, "पेशंट कसा आहे?"

"स्टेबल," आसावरी म्हणाली, आणि मग तिला हसू की रडू असं झालं.

तीस वर्षं हेच तर चालत आलं होतं. गद्रे खुब्याच्या सांध्यावर हातोडी चालवत असायचे आणि आसावरी पेशंटच्या उशाशी. रक्तदाब घसरला की ती "मिस्टर गद्रे, स्टॉप" एवढंच म्हणायची, आणि हातोडी हवेतल्या हवेत थांबायची. इंग्लंडात सर्जनला डॉक्टर नाही, मिस्टर म्हणायची रीत, आणि थिएटरमध्ये ती बायकोलाही लागू होती.

"तेव्हा तुम्ही कधी 'का' विचारलं नाहीत," ती म्हणाली.

"कसं विचारणार? मला फक्त हाड दिसायचं. अख्खा माणूस तुला दिसायचा." गद्र्यांनी हँडलवरची मूठ सैल केली. "मग आता कसला माज करतोय मी!"

"ते तुम्हीच सांगा. आता निघायचं?"

"तू म्हणशील तेव्हा."

तिथून पुढे आसावरी थिएटरमधल्यासारखी खबर देत राहिली: समोर चढ, गिअर खाली घेतेय, आता डावीकडे. आणि ते गुमान तिच्याबरोबर कलत राहिले. सायकल सुतासारखी सरळ धावली. हुकूम बंद झाल्यावर गद्र्यांना बोलायला दुसरं काहीतरी लागलंच. मग ते स्पेन सांगू लागले. आता दोन्ही बाजूंना द्राक्षवेली, आता दूर पवनचक्क्या, आता घंटाघरावर करकोच्याचं घरटं. सहा महिन्यांनी तो आवाज परत आला होता. आसावरी वाऱ्यात डोळे पुसत पाय मारत होती. ओल्नीच्या चर्चचा उंच मनोरा झाडांवर दिसला तेव्हा तिनं "आलं तुमचं अल्माग्रो" असं जाहीर केलं.

तिच्या लेखी पेशंट आता तपासून झाला होता. चौकात चहा घेता घेता तिनं फोनवर माद्रिदची दोन तिकिटं काढली आणि मग दियाला फोन लावला. झालं ते सगळं सांगितलं, गाडीसकट. लपवाछपवी तिला जमत नसे.

"ओ माय गॉड, आई! नो स्पेन! प्रॉमिस केली होती तू! बाबाला फोन दे. बाबा, यू मस्ट बी टेरिफाइड. समोर काही दिसत नाही आणि तू मागे बसून नुसता आईवर सोडून देणार?"

गद्र्यांनी डोळ्यांच्या कडेनं आसावरीकडे पाहिलं. समोरून पाहिलं असतं तर ती दिसली नसती.

"दिया," ते म्हणाले, "तीस वर्षं माझ्या एकेका पेशंटनं हिच्या भरवशावर डोळे मिटले. मी तर उघडे ठेवून बसलोय."