लंब्याच्या गाडीतला डबा

एक

"ओरखडासुद्धा नाही बघा," मालक म्हणाले आणि त्यांनी डबा यार्डातल्या गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या ताईच्या हातात ठेवला.

तळहाताएवढा, काळा, कडेला वायरींचा झुबका. यार्डाच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली जी गाडी होती, तिच्यातून तो नुकताच काढला होता. ती यार्डातल्या ड्रायव्हरची, लंब्याची गाडी. बंद पडलेला ट्रक चढावरून ओढून आणताना तिसऱ्या वळणावर ती मागे घसरली आणि कठडा तोडून लंब्यासकट खाली गेली. केबिनकडे यार्डातल्या कुणी दुसऱ्यांदा पाहिलं नव्हतं. इंजिन मात्र शाबूत निघालं. डिझेलचं नव्हे, गॅसवरचं, ठिणगीवर चालणारं. एका रांगेत सहा सिलिंडर, वर टर्बो, सगळं जसंच्या तसं.

ते इंजिन आता ताईच्या नवऱ्याच्या गाडीत बसलं होतं. त्याचं जुनं इंजिन हल्लीचे वजनदार ट्रक ओढायला पुरत नव्हतं.

"मेकॅनिकचं काम झालंय. ठिणगीचं तुम्ही ठरवा," मालक म्हणाले. "जुना डिस्ट्रिब्युटर लावायचा तर लावा. पण मला विचाराल तर हा डबा. यानं इंजिन वाचवलं."

फाटकाजवळच्या खुर्चीत लंब्याची बायको बसली होती. फाटक उघडायचं, लावायचं. हे काम मालकांनी तिला दिलं होतं. ती रस्त्याकडे बघत होती.

"आणि ताई, त्यातला ताकद तोडायचा कट आहे तसाच ठेवा."

पाच

एकानंतर दोन येत नाही. एका रांगेतल्या सहा सिलिंडरांत ठिणगी पडते ती एक, पाच, तीन, सहा, दोन, चार अशी. शेजारीशेजारी पडत गेली तर इंजिन स्वतःलाच हादरवून मोडतं. ताईच्या घरात हा क्रम पाढ्यासारखा होता. मुलगी लहान असताना पायऱ्या अशाच मोजायची. शाळेतल्या बाईंनी एकदा बोलावून घेतलं आणि घरी अभ्यास कोण घेतं म्हणून विचारलं. ताईनं नवऱ्याचं नाव सांगितलं.

डिस्ट्रिब्युटर लावला तर: आतला रोटर फिरेल, ज्याच्या त्याच्या पाळीला ठिणगी वाटेल. टर्बोनं कितीही हवा कोंबली तरी त्याला पत्ता नसेल.

डबा लावला तर: सहा सिलिंडरांना सहा कॉइल. डबा उष्णता बघेल, दाब बघेल, नॉकिंग, म्हणजे सिलिंडरातली खडखड, ऐकेल आणि ठिणगी मागेपुढे करेल. एवढ्यानं भागलं नाही तर ताकद कापेल.

चढावर. मागे ट्रक लटकलेला असताना.

तीन

"अहो, जरा गाडीखालून बाहेर या."

"बोल. कान बाहेरच आहेत."

"डिस्ट्रिब्युटर की डबा?"

"डिस्ट्रिब्युटर. बिचारा ठिणगी वाटतो आणि गप्प बसतो. डब्याला अक्कल असते. माझ्याहून अक्कलवान कुणी केबिनमध्ये नको मला."

"घरात चालतं?"

"घरात इलाज नाही."

"टर्बो आहे यावर. दाब चढला की टायमिंग मागे घ्यायला कुणीतरी लागतं. नाहीतर पिस्टनला भोक पडेल."

"नॉकिंग मला ऐकू येतं की."

"ऐकू येतं हो. थांबता कुठे?"

गाडीखाली पान्याचा आवाज बंद झाला.

"लंब्या थांबला असता का?" तिनं विचारलं.

"लंब्याला कुणी विचारलंच नाही."

त्यानं पाना बाहेर सरकवला. म्हणाला, "लाव डबा. पण जे करशील ते मला सांगून कर."

"मी दिवा लावीन. लाल. सोबत बझर. लागला की थांबायचं."

"थांबेन."

सिगरेटबद्दलही तो असंच म्हणाला होता. तापात गाडी काढण्याबद्दलही.

सहा

तिनं लॅपटॉप जोडला. डबा लगेच जागा झाला. त्यात लंब्याच्या वेळचं सगळं तसंच होतं, मर्यादा, आकडे. आणि सगळ्यात खाली तो कट. उष्णता अमुक, नॉकिंग तमुक, की ताकद बंद.

मागे सावली पडली. लंब्याची बायको खुर्ची सोडून आली होती.

"हाच ना तो?"

"हाच, वहिनी."

"यानं काय केलं तेव्हा?"

ताईनं हातातला टेस्टर खाली ठेवला. "इंजिन तापलं. ते फुटू नये म्हणून यानं ताकद कापली. याला तेवढंच सांगितलेलं होतं."

"आत माणूस आहे, हे याला कळत नाही?"

"तशी वायरच नसते, वहिनी."

वहिनीनं डब्याला बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. डबा गार होता. ती परत खुर्चीत जाऊन बसली.

ताईनं ठिणगी मागेपुढे करण्याचं काम डब्याकडे राहू दिलं. कट काढून टाकला. त्याच्या जागी डॅशबोर्डवर लाल दिवा आणि बझर. ठरवायचं ते आता डबा ठरवणार नव्हता, नवऱ्याचा पाय ठरवणार होता. त्या पायाची तिला भीतीच होती. पण त्या पायाला निदान सांगता येत होतं.

दुपारी मालक आले. "कट ठेवला ना?"

"ठेवलाय."

गाडी सुरू झाली. सहाही सिलिंडर असे एकसारखे बोलले, की मेकॅनिकनं मान डोलावली. मालक हसले. ताडपत्रीचं एक टोक वाऱ्यानं उडत होतं, तेवढं ताईनं विटेखाली दाबलं.

दोन

चढ यार्डाच्या मागूनच सुरू होतो. चौथ्या दिवशी खालच्या पुलावर लोखंडी सळ्यांनी भरलेला ट्रक बंद पडला. नवऱ्यानं तो जोडला. अशा वेळी मागच्या ट्रकचे ब्रेक मोकळे करतात आणि त्याचा ड्रायव्हर नुसतं स्टिअरिंग धरून बसतो. ओढणारा थांबला, की दोघांचं वजन एकट्याच्या ब्रेकवर.

ताई भिंतीशी उभी राहून ऐकत होती.

पहिलं वळण. एक पाच तीन सहा दोन चार. एक पाच तीन सहा दोन चार.

दुसरं वळण. टर्बोची शिट्टी वर गेली. मालक ऑफिसच्या पायरीवर आले आणि म्हणाले, "काय ओढतंय बघा." फाटकाजवळची खुर्ची रिकामी होती. वहिनी उभी होती.

तिसरं वळण.

आवाज खरखरला. पत्र्यावर खडे पडावेत तसा. आत्ता दिवा लागला असेल. बझर वाजत असेल. थांबा, ती मनात म्हणाली. मग म्हणाली, थांबू नका. दोन्ही म्हणून झाल्यावर तिला काही म्हणता येईना.

एक पाच        सहा दोन चार. एक पाच        सहा दोन चार.

एक सिलिंडर गेला होता. उरलेले पाच लंगडत ओढत होते. मालक पायरी उतरले. "कापत का नाही? कापत का नाही हा?"

मग टेकाडाआड गेल्यावर जसा जातो तसा आवाज गेला. किंवा नुसताच गेला. इथून फरक कळत नाही.

चार

ऊन कलताना तो आला. त्याच्याच गाडीला दुसऱ्या कुणीतरी ओढून आणलं होतं आणि तो स्टिअरिंग धरून बसला होता. उतरला. तोंड काळं.

"दिवा लागला होता?" ताईनं विचारलं.

"लागला होता."

"मग?"

"आरशात तो दिसत होता. मागचा ड्रायव्हर. मी थांबलो असतो तर..." त्यानं पाणी मागितलं. "वर सपाटीवर सोडला त्याला. उतरून पाया पडायला लागला, वेडा."

मालकांनी बॉनेटमध्ये डोकावून पाहिलं. तेल खालपर्यंत ओघळलं होतं.

"कट होता ना?"

"नव्हता. मी काढला."

"साहेब, पुढे तर मी गेलो," नवरा म्हणाला.

"तुम्ही गेलात. काढला मी," ताई म्हणाली.

मालक चिडले नाहीत. रुमालानं बोटं पुसत ते म्हणाले, "इंजिन परत बांधू. डबा ठीक असेलच. या वेळी वायरिंग दुसऱ्याकडून करून घेऊ." मग नवऱ्याकडे वळले. "तू राहा. ड्रायव्हर मिळत नाहीत हल्ली."

नवऱ्याच्या हातातला पाण्याचा ग्लास तसाच होता.

ताईनं टेस्टर, पकड, सोल्डरिंगचं सामान पेटीत भरलं. त्याच्याकडे एकदा पाहिलं. या म्हणाली नाही, राहा म्हणाली नाही. पेटी उचलून चालू लागली.

फाटकात माणसांसाठी एक छोटं दार होतं. ती तिकडे वळली तशी वहिनी पुढे झाली. अडणा काढला आणि ट्रकसाठी उघडायची तशी दोन्ही दारं ढकलून पार भिंतीला टेकवली.

"एवढं कशाला, वहिनी? मी बारक्या दारातून गेले असते."

"राहू द्या."

ताई बाहेर आली. दारं लागल्याचा आवाज आला नाही, म्हणून वळली. वहिनी एका दाराला हात लावून आत बघत उभी होती.

"लावा की आता."

"लावते," वहिनी म्हणाली. "जरा थांबते."

आत, ताडपत्रीशेजारी, नवरा अजून उभा होता.