बोटावरचं तेल

वडिलांनी तारेच्या टोकाने तेलाचा एक थेंब धाकटीच्या तर्जनीवर सोडला आणि ते तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले.

"सांग."

तिने अंगठा तर्जनीवर सावकाश घासला. थेंब लगेच पसरला आणि बोटाच्या कडेने ओघळला. बोट पुसून तिने दुसऱ्या डब्यातला थेंब घेतला. हा चिकटून राहिला. बोटं विलग केली तेव्हा मध्ये क्षणभर बारीक तार धरली, मग ती तुटली.

"हे जाड."

"नक्की?"

"नक्की."

तिने दाखवलेला डबा उचलून ते गॅरेजातल्या खड्ड्यावर उभ्या केलेल्या गाडीकडे गेले.

गाडी मोठ्या बहिणीची, म्हणजे भाऊजींची. सोळा वर्षं वापरलेली. अशा इंजिनात धातूच्या भागांमधली फट झिजून वाढलेली असते. उन्हाळ्यात तेल पातळ होतं, आणि ते फार पातळ झालं तर फटीतून निसटून जातं, धातू धातूला घासू लागतो. म्हणून तिला वीस-पन्नासचं जाड तेल. दोन डब्यांपैकी एकात ते होतं, दुसऱ्यात नव्या छोट्या गाड्यांसाठीचं शून्य-वीसचं पातळ तेल होतं. डब्यांवर मात्र यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. वडील मोठ्या पिंपातून तेल जुन्या डब्यांत काढून ठेवत आणि चिठ्ठी कधी लावत नसत. चाळीस वर्षांत त्यांना तिची गरज पडली नव्हती. थेंब बोटांत घोळवला की झालं. गावातले बाकीचे मेकॅनिक डब्यांवर रंगाच्या पट्ट्या मारत, त्याला ते हसत.

भौतिकशास्त्राची शेवटची परीक्षा देऊन धाकटी घरी आली, त्याला आठवडा झाला होता. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिला गॅरेजात बोलावून बोटावर थेंब सोडला होता. पुस्तकातलं पुरे झालं, आता हे शीक, म्हणाले. तिला मजा वाटली. तेव्हापासून प्रत्येक गाडीच्या वेळी हा खेळ चालला होता.

भाऊजी सामान चढवता चढवता हसले. पदवी घेऊन शेवटी तेलाला बोटं लावायचीच पाळी आली का, असं त्यांनी विचारलं. तिने उलट विचारलं, की निदान बॉनेट कुठल्या बाजूने उघडतं हे तरी तुम्हाला ठाऊक आहे का. ताई मांडीवरच्या बाळाला वारा घालत हसली. भाऊजींनी हात जोडले.

"आपल्याला नाही ना ठाऊक. सासरेबुवांनी सांगितलं चल, की चलायचं. थांब म्हणाले की थांबायचं. तुझ्यासारख्या पुस्तकी मेकॅनिकचं ऐकून अजून तरी गाडीला हात लावला नाही."

साडेनऊला ताई-भाऊजी बाळाला घेऊन निघाले. आठ तासांचा रस्ता होता. पहिल्या दोन तासांनंतर झाड नाही, वस्ती नाही, नुसतं सपाट पांढरं माळरान. दुपारी पारा सेहेचाळीसला जाईल असं सकाळीच सांगितलं होतं. पण भाऊजींना दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचं होतं, आणि गाडीचा एसी चांगला होता. बाळ पाच महिन्यांचं होतं.

अकराच्या सुमारास एक पाववाला आपली व्हॅन घेऊन आला. इंजिन तापतंय म्हणाला. वडिलांनी बॉनेट उघडलं, आत वाकले आणि त्याला प्रश्न विचारू लागले. डावा हात त्यांनी आधारासाठी आत टेकवला होता. धाकटी मागे पाने-पकडी पुसत होती. तिला आधी वास आला. केस जळल्यासारखा, पण जरा वेगळा. तिने मान वर केली. वडिलांची दोन बोटं धुराच्या तापलेल्या नळीवर टेकलेली होती आणि ते पाववाल्याला शांतपणे रेडिएटरच्या पाण्याबद्दल विचारत होते.

"बाबा, हात."

त्यांनी आधी हाताकडे पाहिलं. मग तो उचलला.

तिने त्यांना नळाखाली नेलं. बोटांच्या टोकांची कातडी पांढरी पडून सुटली होती. पाणी पडत होतं आणि ते दुसऱ्याच कुणाचा हात धुतला जावा तसे पाहत होते. पाववाल्याला त्यांनी संध्याकाळी यायला सांगितलं. तो गेल्यावर तिने विचारलं, कधीपासून. ते म्हणाले, काय कधीपासून. तिने नळ बंद केला आणि ती तिथेच उभी राहिली.

"दोन वर्षं झाली असतील," ते शेवटी म्हणाले. "आधी मुंग्या यायच्या. आता त्याही येत नाहीत."

"आईला?"

"काही सांगू नकोस."

तिने कापसाने त्यांची बोटं टिपली आणि पट्टी गुंडाळली. मंगळवार तिच्या मनात आला. मंगळवारी ती कंटाळली होती. फोनवर मैत्रिणीशी बोलता बोलताच तिने थेंब घासला होता आणि काहीही न कळता, अंदाजाने, जाड म्हणून सांगितलं होतं. वडील शाबास म्हणाले होते. तो डबा कुणाच्या तरी गाडीत रिकामा झाला होता.

"तुम्ही मला शिकवत नव्हता."

वडील पट्टीचं सुटं टोक दुसऱ्या हाताने शोधत होते. ते सापडायला त्यांना खाली पाहावं लागलं.

"तुझी बोटं चांगली आहेत," ते म्हणाले. "सकाळचं तर अगदी बरोबर होतं. तार धरली होती, मी पाहिली ना."

तार तिनेही पाहिली होती. तरी ती डब्यांकडे गेली. दोन्ही सकाळच्याच जागी परत ठेवलेले होते. एक शटरजवळ, पत्र्याला टेकून, सकाळच्या उन्हात. दुसरा, आता अर्धा रिकामा, जिन्याखाली पाण्याच्या टाकीला लागून ओल्या फरशीवर. तिने शटरजवळच्या डब्याला हात लावला आणि लगेच मागे घेतला. मग दुसऱ्याला लावला. तो माठासारखा गार होता.

लहानपणी वडिलांना ती रोज पाहायची. थेंब घेण्याआधी ते प्रत्येक डब्याला तळहात लावायचे, आजाऱ्याच्या कपाळाला लावतात तसा. तिला वाटायचं, ही त्यांची नुसती लकब. कॉलेजात तिने तेलाच्या दाटपणाचे तक्ते पाठ केले होते. त्यात प्रत्येक आकड्यापुढे तापमान लिहिलेलं असे, आणि ते लिहायचं राहिलं तर मार्क मिळत नसत. गार झालं की पातळ तेलही तार धरतं. तापलं की जाड तेल ओघळतं. सकाळी तिने एक गार थेंब आणि एक तापलेला थेंब शेजारी शेजारी ठेवले होते, आणि नक्की म्हणाली होती.

तिने ताईला फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. भाऊजींचाही तसाच.

वडील काय झालं म्हणून विचारत होते. तिने सांगितलं नाही. कदाचित गार डब्यात खरंच जाड तेल असेल. तिने पारदर्शक नळीचे वीतभर लांबीचे दोन तुकडे कापले, खालून बुचं मारली, दोन्ही डब्यांतलं तेल भरलं आणि दोन्ही नळ्या एकाच बादलीतल्या पाण्यात उभ्या केल्या. दोघांचं तापमान सारखं व्हायला अर्धा तास तरी हवा होता. त्या अर्ध्या तासात तिने नऊ वेळा फोन लावला. मग बेअरिंगचे दोन बारीक, सारखे छर्रे घेतले.

उन्हातल्या डब्याच्या नळीत छर्रा सावकाश उतरला. तिने तीन मोजले, वर थोडं. गार डब्याच्या नळीत तो एक म्हणायच्या आत तळाला होता.

तिने पुन्हा केलं. पुन्हा तेच झालं.

वडील मागे उभे होते. त्यांना छर्ऱ्याचं काही समजावून सांगावं लागलं नाही. ते स्टुलावर बसले.

पावणेएकला ताईने फोन उचलला. आवाज तुटत होता, मागे बाळ रडत होतं. धाकटीने शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, की गाडीत कुठला दिवा वगैरे लागतोय का.

"तुला कसं कळलं? तो लाल, तेलाच्या बुधलीचा. मघापासून लागतोय आणि जातोय. हे म्हणतात, वायरिंगचा घोळ असेल."

"कधी लागतो? हळू केल्यावर?"

ताईने भाऊजींना विचारलं. आधी हळू केल्यावरच लागायचा, आता पळतानाही लागतो, असं उत्तर आलं. गाव लवकर गाठावं म्हणून त्यांनी वेग वाढवला होता. पुढचं गाव तासाभरावर होतं. इथे थांबून काय करायचं, सावलीच नाही, बाहेर हात काढला तरी भाजतो, ताई म्हणाली. मग एकदम म्हणाली, "हे म्हणतात, बाबांना दे. त्यांना इंजिन ऐकव."

धाकटीने फोन वडिलांना दिला. त्यांनी तो कानाला लावला आणि डोळे मिटले. पलीकडे ताईने फोन खाली, इंजिनाच्या बाजूला धरला असावा. वडील बराच वेळ ऐकत राहिले. पट्टी बांधलेली बोटं गुडघ्यावर पडली होती. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. मग त्यांनी डोळे उघडले, फोन तळहाताने झाकला आणि तो तिच्याकडे परत केला.

"आवाज साफ आहे," ते हळूच म्हणाले. "जाऊ देत म्हणावं. गावापर्यंत निघेल."

तिने फोन कानाला लावला.

टक, टक, टक. बाळाच्या रडण्याखाली, एसीच्या घरघरीखाली, कोरडी आणि एकसारखी, लोखंडावर लोखंड आपटल्यासारखी. तिने वडिलांकडे पाहिलं. ते तिच्याकडेच पाहत होते, सकाळी थेंब सोडल्यावर पाहिलं होतं तसं नाही. आपल्याला आलेलं उत्तर बरोबर आहे अशा खात्रीने. त्यांना ते ऐकूच आलं नव्हतं, की येऊनही नको होतं, हे तिला कळेना.

आठवड्यातल्या आणखी सहा गाड्या तिला आठवल्या. त्यांचं नंतर पाहू.

"हॅलो," ताई म्हणत होती. "काय म्हणाले बाबा?"

"इंजिन बंद करा," धाकटी म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. जवळच रस्त्याखालून पाणी जायची मोरी असेल, तिथे बाळाला घेऊन आत बसा, आत सावली असते. आम्ही जाड तेल घेऊन निघतोय."

पलीकडे भाऊजींचा आवाज आला. हे तू सांगतेस की ते सांगतायत, असं ते विचारत होते.

वडील स्टुलावरून उठले नव्हते. ते सगळं ऐकत होते.

"बाबा सांगतायत," ती म्हणाली.

टकटक आणखी थोडा वेळ चालू राहिली. मग ती थांबली, आणि फोनमध्ये फक्त बाळाचं रडणं उरलं.