निळ्या दिव्यावरचा ठिपका

समजा, तुम्ही दातांच्या दवाखान्यात खुर्चीवर आडवे झाला आहात. तोंड उघडं, गालात कापूस, डोळ्यांवर नारिंगी चष्मा. सायकलवरून पडून पुढचा दात अर्धा तुटला. पण तुकडा तुम्ही दुधाच्या वाटीत जपून आणलात. आता तो जागेवर बसवलाय आणि डॉक्टरबाई निळा दिवा घेऊन तुमच्यावर वाकल्या आहेत.

तुमच्या जागी होती नऊ वर्षांची एक मुलगी. एका जागी टिकत नसे, म्हणून घरात तिचं नाव भिंगरी.

तुकडा चिकटवणारं दातांचं सिमेंट निळा उजेड पडेपर्यंत मऊ असतं. पुरेसा उजेड मिळाला की दगडासारखं घट्ट होतं. कमी मिळाला तरी वरून घट्टच दिसतं, आतून मात्र कच्चं राहतं. मग एखाद्या दिवशी घास चावताना तुकडा हातात येतो, आणि दर वेळी तो पुन्हा बसवता येईलच असं नाही.

दिवा तोंडाशी आला आणि भिंगरीनं हात वर केला.

“दुखतंय?”

तिनं मान हलवली. नाही.

“मग काय गं?”

दारातून बाबा म्हणाले, “भिंगरे, दोन मिनिटं तरी नीट बस! बाहेर लोक खोळंबलेत.”

भिंगरीनं बोटानं हवेत एक गोल काढला आणि मधोमध टिंब दिलं.

बाहेर खरंच गर्दी होती. पण डॉक्टरबाई थांबल्या. त्यांनी दिव्याचं टोक स्वतःकडे वळवलं. काचेच्या नळीच्या तोंडावर सिमेंटचा एक जुना थेंब वाळून बसला होता, मसुराच्या दाण्याएवढा. दिवा धरणाऱ्याला तो दिसत नाही. ज्याच्यावर उजेड पडतो त्यालाच दिसतो.

त्यांनी नळी बदलली. समोरून वीस सेकंद, मागून वीस सेकंद, हात तसूभरही न हलवता.

“झालं. आता हवी तेवढी हल.”

पण बाई स्वतः हलल्या नाहीत. काचेवर सिमेंटचा थेंब ठेवून त्यांनी त्यावर दातावरच्या कॅपसारखी चिनी मातीची पातळ चकती दाबली, डागाची नळी पुन्हा चढवली आणि वीस सेकंद उजेड दिला. चकती उचलून सुई टोचली. सुईला चिकट तार आली.

“सकाळी या नळीनं किती दात केलेत?” बाबांनी हळूच विचारलं.

“एकच. सरांचा.”

सर म्हणजे बाई ज्यांच्याकडे शिकल्या ते म्हातारे दंतवैद्य. तासाभरापूर्वी बसवलेली दाताची टोपी, म्हणजे कॅप, ते अजून बाहेर बसून शेजारी बसलेल्यांना कौतुकानं दाखवत होते. ‘सहज तपासते’ म्हणून त्यांना आत बोलावता आलं असतं. बाई दारात जाऊन उभ्या राहिल्या.

“सर, माझं चुकलं. दिव्याच्या तोंडावर डाग होता, मी तो पाहिला नाही. तुमची टोपी कच्ची राहिली असणार. परत उजेड देते. नाही धरली तर काढून नव्यानं बसवते.”

सरांनी चष्म्यावरून पाहिलं.

“पकडलं कोणी?”

“हिनं,” बाईंनी मागून आलेल्या भिंगरीला पुढे केलं.

“शाबास गं. मला कुठलं दिसायला, मी डोळे घट्ट मिटले होते!” मग ते बाईंना म्हणाले, “पस्तीस वर्षं शिकवलं. हुशार पुष्कळ निघाले. भरल्या खोलीत ‘चुकलं’ म्हणणारी तूच.”

ते आत येऊन खुर्चीत आडवे झाले. हजारो दात दुरुस्त केलेले ते हात आता खुर्चीच्या कडा घट्ट धरून होते, बोटांची पेरं पांढरी पडेपर्यंत. बाई दिव्यात गुंतल्या होत्या. त्यांना ते दिसलं नाही.

“चल भिंगरे, शाळेला उशीर होतोय,” बाबा म्हणाले.

“थांबा ना बाबा.”

भिंगरीनं कोपऱ्यातलं स्टूल ओढून खुर्चीशी लावलं, त्यावर बसली, सरांची करंगळी कडेवरून सोडवून आपल्या मुठीत घेतली, आणि काम संपेपर्यंत मुळीच हलली नाही.