माझ्या कोपरांतली खडखड

मित्रांनो, मी एक जुनी मोटरसायकल आहे, आणि मी थापा मारते. आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे मागाहून रुसवेफुगवे नकोत. तरुणपणी मी इतकी जोरात पळायचे की माझी सावली मागे राहायची आणि पाच मिनिटांनी धापा टाकत घरी पोहोचायची. एकदा एका वळणावर तर मला माझाच मागचा दिवा पुढे दिसला होता. पण आज जे सांगणार आहे त्यात भेसळ कमी आहे. ही गोष्ट माझ्या घरच्या माणसांची आहे, आणि त्यांच्या बाबतीत माझी जीभ जरा अडखळते.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. इतर मोटरसायकलींच्या पुढच्या चाकाला दोन सरळ नळ्या असतात. मला मात्र दोन छोटे वाकणारे हात दिले. खड्डा आला की हे हात कोपरात वाकतात आणि धक्का गिळून टाकतात. प्रत्येक कोपरात गनमेटलचा एक बुश, म्हणजे पिवळसर धातूची आखूड नळी, आणि तिच्यातून आरपार एक पोलादी पिन. दोघांच्या मधोमध ग्रीस. ग्रीस असेल तोवर कोपर गुण्यागोविंदाने नांदतं. ग्रीस संपलं की पिन आणि बुश एकमेकांना खाऊ लागतात.

मला घरी आणलं एका घड्याळजींनी. नव्या नवलाईत शेजारपाजारचे लोक मला बघायला यायचे आणि आरशात स्वतःचेच केस विंचरून जायचे. रोज सकाळी घड्याळजी मला दुकानात न्यायचे. मागे त्यांची बायको बसायची. तिला मी मनातल्या मनात बाईसाहेब म्हणते, कारण माझ्यावर बसताना ती आधी सीटवर फुंकर मारते.

घड्याळजी माझी काळजी घेत, पण त्यांच्या पद्धतीने. घड्याळाला तेल जास्त झालं तर ते बंद पडतं. त्यामुळे तेल द्यायचं ते सुईच्या टोकावर, एक थेंब. आता ऐका कमाल! हा भला माणूस दर रविवारी माझ्यासमोर उकिडवा बसायचा, डोळ्याला भिंग लावायचा आणि माझ्या दोन्ही कोपरांना सुईने घड्याळाच्या तेलाचा एकेक थेंब द्यायचा. मग फडक्याने तोही पुसून घ्यायचा. हत्तीला चमच्याने पाणी पाजावं तसं! मी काय बोलणार? प्रेमाने दिलेल्या थेंबाला नको म्हणवत नाही.

वर्षं गेली. कोपरं कोरडी पडली. बुश गोल होते ते अंड्यासारखे लांबट झाले. ब्रेक दाबला की पुढून 'टक' असा आवाज यायचा आणि हॅंडल थरथरायचं. ती थरथर घड्याळजींच्या तळहातांतून कोपरापर्यंत जायची. दुकानात पोहोचल्यावरही तासभर त्यांचे हात झिणझिणत राहायचे. चिमट्यातला बारीक स्क्रू निसटून पडायचा.

आणि घड्याळजींना वाटलं, हात गेले.

ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. बायकांची नाजूक घड्याळं दुरुस्तीला आली की म्हणायचे, "दुसरीकडे दाखवा, माझ्याकडे पार्ट नाहीत." पार्टचा डबा शेजारीच असायचा. इकडे मागे बसलेल्या बाईसाहेबांना पायाखाली तीच थरथर कळत होती. त्यांनाही वाटलं, यांचे हात कापताहेत. त्याही गप्प. दोघं एकमेकांपासून तीच एक गोष्ट लपवत माझ्यावर बसून जात होती, आणि गुन्हेगार मी! मित्रांनो, इतकी लाज मला चिखलात आडवी पडले तेव्हाही वाटली नव्हती.

एके दिवशी घड्याळजी जेवताना म्हणाले, "मोटरसायकल तुझ्या भावाला देऊन टाकू. माझे गुडघे दुखतात हल्ली."

"बरं," बाईसाहेब म्हणाल्या, आणि घड्याळजींच्या ताटात भाजी वाढत राहिल्या. ताट भरून वाहायला लागलं तरी वाढत राहिल्या.

"आणि दुकानही बंदच करीन म्हणतो."

यावर त्या रिकामं पातेलं उचलून आत गेल्या. खिडकीतून मला सगळं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी भाऊ आला. आयुष्यभर कारखान्यात फिटर होता. पोट सुटलेलं, आवाज भोंग्यासारखा. त्याने मला किक मारली, गल्लीच्या टोकापर्यंत गेला, आणि तिथूनच वळून परत आला.

"दाजी! ही गाडी देताय की सूड उगवताय?"

"का रे, काय झालं?"

"हॅंडल बघा ना! ब्रेक दाबला तर माझे दात वाजले. अहो, कवळी निसटली असती."

घड्याळजींचा चेहरा बदलला. "म्हणजे... तुझ्याही हातात थरथरतं?"

"माझ्याच काय, पैलवानाच्या हातातही थरथरेल!"

बाईसाहेब दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

मग तपासणी सुरू झाली. फिटरने माझ्या पोटाखाली लाकडी ठोकळा सरकवला आणि पुढचं चाक अधांतरी केलं. चाक फिरवून पाहिलं, डावीउजवीकडे हलवून पाहिलं. बेअरिंग ठीक. हॅंडल सावकाश वळवून पाहिलं. मान ठीक. मग त्याने चाक खालून धरलं आणि पुढेमागे हिसकलं. टक. टक.

"ताई, इथे कोपरावर बोट ठेव जरा."

बाईसाहेबांनी बोट ठेवलं. त्याने पुन्हा हिसका दिला.

"अगंबाई, इथे सरकतंय! नखाएवढं सरकतंय!" असं म्हणून त्यांनी दुसऱ्या बाजूलाही बोट ठेवलं. "इथेही!"

पिना काढल्या तेव्हा आतून गंजाची तपकिरी भुकटी गळली. फिटर म्हणाला, "ग्रीसचा मागमूस नाही. काय घालत होता इथे?"

"तेल. एक थेंब. दर रविवारी," घड्याळजी अभिमानाने म्हणाले.

"एक थेंब! दाजी, ही मनगटावर बांधायची वस्तू आहे का?"

बाईसाहेब इतक्या हसल्या की त्यांना पायरीवर बसावं लागलं. हसता हसता त्या रडत होत्या, हे फक्त मला दिसलं.

नवे बुश कुठेच मिळेनात, म्हणून फिटरने ओळखीच्या लेथवर कातून आणले, नव्या पिनांसकट. ते रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवले, म्हणजे आकसतात. सकाळी माझे हात सुटे करून उकळत्या पाण्यात बुडवले, म्हणजे भोक फुगतं. मग व्हाइसच्या लोखंडी जबड्यात धरून बुश दाबले. अगदी अलगद बसले. पण पिन आत जाईना. केसभर घट्ट.

फिटरने रीमर, म्हणजे भोक आतून तासायचं हत्यार, घड्याळजींच्या हातात दिलं. "हे माझ्या राकट हाताचं काम नाही. तुम्ही करा."

घड्याळजींनी आधी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. मग त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि रीमर फिरवला. थोडा तासायचा, पुसायचं, पिन घालून बघायची. पुन्हा थोडा. बाईसाहेबांचं लक्ष बुशकडे नव्हतंच, त्या हातांकडे बघत होत्या. शेवटी पिन स्वतःच्या वजनाने सावकाश आत उतरली आणि तळाशी टेकली.

"दाजी," फिटरने आवाज खाली आणला, "कारखान्यात असा हात मी पाहिला नाही."

मग त्याने पंपाने ग्रीस भरलं. भरपूर! कडेने बाहेर आलं तरी घड्याळजींना पुसू दिलं नाही.

सोमवारी आम्ही दुकानात गेलो. हॅंडल स्थिर, मी शांत. आणि मित्रांनो, माझी खडखड थांबल्यावर मला एक गोष्ट पहिल्यांदाच कळली. एका चौकात उभे असताना घड्याळजींच्या डाव्या हातातून खरोखरच एक बारीकशी थरथर माझ्यात आली. अगदी बारीक. वयाची. तिला बुश मिळत नाही. मी ती कुणाला सांगितली नाही, चाकावाटे हळूच जमिनीत सोडून दिली. त्या दिवशी त्यांनी तीन नाजूक घड्याळं दुरुस्तीला घेतली.

म्हणून म्हणते, आमच्यासारख्यांची कोपरं अधूनमधून हलवून पाहा, आणि ग्रीस भरताना हात आखडू नका. घरात कुणी गप्प गप्प झालं, तर त्यांच्याही कोपरावर बोट ठेवून विचारा, कुठे सरकतंय म्हणून. दुरुस्त होईल ते लगेच करून टाका. जे होणार नाही, ते मागे बसलेल्या माणसासारखं जपून न्या. यात एकही थाप नाही.